अध्यक्षांना आलेली चक्कर

अध्यक्षसाहेब, तुम्हाला चक्कर आली होती. मी माईकच्या केबिनमधून, काचेपलीकडून या डोळ्यांनी पाहिली. आणि तुमच्या समितीच्या अहवालात छापलंय, 'सभागृहात उष्णता होती किंवा कसे, याबाबत एकमत झाले नाही.' धडधडीत खोटं. खुर्चीतून घसरताना तुमचं तरी एकमत झालं होतं.

वाचकहो, साहेबांचं उत्तर यायला वेळ आहे. तोवर तुम्हाला सगळं सांगतो.

मी माईकवाला. सभागृहाच्या मागे माझी केबिन. आवाजाचा बोर्ड तिथेच आणि दिव्यांची, पंख्यांची, एसीची बटणंही तिथेच. माझी बायको कपड्यांच्या कारखान्यात वाफेच्या इस्त्रीवर काम करते, पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यातल्या दुपारी ती शेड म्हणजे कुकर, फक्त शिट्टी होत नाही. मध्यंतरी तिच्या शेजारच्या टेबलावरची बाई हातात इस्त्री असतानाच कोसळली. मग बायकांनी मागणी केली, उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवा, आम्ही पहाटे येतो. मालक म्हणाला, नियम आला की पाळतो. नियम करायला ही समिती बसली. समितीपुढे बोलायला बायकांनी माझ्या बायकोला निवडलं, कारण ती मला जे बोलते ते चार घरांपलीकडे ऐकू जातं.

आदल्या दिवशी मी तिला छातीठोकपणे सांगितलं, "तू नुसती उभी राहा. नियम मी पास करून देतो."

"तुम्ही? अहो, घरातला पंखा कितीवर ठेवायचा ते तुमचं ठरत नाही."

"एक बटण दाबायचंय फक्त."

माझा हिशोब साधा होता. गारेगार हवेत बसून ही माणसं गरमीवर बोलतात, म्हणून त्यांना काही कळत नाही. एसी बंद केला की कळेल.

सभा सुरू झाली. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एक बाई बोलत होत्या. "तापमान वाढतंय, यात शंका नाही. पुढे नेमकं किती वाढेल, त्यात थोडं मागेपुढे होऊ शकतं."

समोर दुसरे तज्ज्ञ होते. त्यांचं नाव मी शंकासुर ठेवलंय. ते टुणकन उठले. "म्हणजे तुम्हाला नक्की माहीत नाही."

"वाढणार हे नक्की आहे. किती, ते..."

"नक्की नाही. लिहून घ्या."

मी बटण दाबलं.

थोड्या वेळात फायलींनी वारा घेणं सुरू झालं. एक सदस्य म्हणाले, "इथे जरा गरम होतंय का?"

"तुम्हाला वाटतंय," टाय सैल करत शंकासुर म्हणाले. "वाटणं वेगळं आणि असणं वेगळं."

भिंतीवरचं तापमापक बघितलं. अडतीस. शंकासुर म्हणाले, ते खिडकीपाशी आहे, ऊन लागतं. मग ते काढून समोरच्या भिंतीला लावलं. सदतीस.

"बघा, उतरतंय," शंकासुर म्हणाले, आणि निम्म्या समितीने घाम पुसत माना डोलावल्या.

इकडे भिंतीशी बसलेली माझी बायको लालबुंद झाली होती. सकाळची पाळी करून आली होती ती. शेडमधला ओला टॉवेल मानेवर तसाच. तिने काचेकडे बघून हाताने खूण केली, पुरे झालं, चालू करा. मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ठोकलं, हात जोडले. गच्चीवरचं यंत्र जे मेलं ते मेलं. बंद करायला मला एक बोट पुरलं होतं, चालू करायला दहाही पुरेनात. मेकॅनिकला फोन लावला, तर म्हणतो, "या उन्हात गच्चीवर कोण चढणार? संध्याकाळी बघू."

तेवढ्यात अध्यक्षसाहेब घसरले.

"उष्णतेने झालंय, पाणी आणा," हवामानवाल्या बाई धावल्या.

"घाई नको," शंकासुर म्हणाले. "साहेबांचं वय आहे, अंगात कोट आहे, जेवणही जड झालंय. बाई, ही चक्कर उष्णतेनेच आली, हे तुम्ही शंभर टक्के खात्रीने सांगाल?"

बाई थांबल्या. मी काचेमागे पुटपुटत होतो, बोला, हो म्हणा, एकदा तरी ठोकून द्या. पण त्यांना खरं बोलायची खोड. "या एका चकरेबद्दल शंभर टक्के नाही सांगता येणार. पण अशा गरमीत अशा चकरा..."

"शंभर टक्के नाही. लिहून घ्या."

साहेब जमिनीवर आणि समिती त्यांच्या कारणांवर. शेवटी माझी बायको उठली, तिने साहेबांचे पाय खुर्चीवर ठेवले आणि मानेवरचा टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला. साहेबांनी डोळे उघडले. "काय भयंकर गरम होतंय हो इथे," ते म्हणाले. माईक चालू होता. सगळ्या सभागृहाने ऐकलं.

मला वाटलं, जिंकलो.

शंकासुर उभे राहिले. आवाज भरून आलेला. "सदस्यांच्या जिवाशी खेळ नको. अशा वेळी पूर्ण पुराव्याची वाट बघत बसणं हा बेजबाबदारपणा आहे." ठराव तिथल्या तिथे पास झाला, एकमताने. खबरदारीचा उपाय म्हणून समिती उन्हाळ्यात दुपारी बसणार नाही. पुढची सभा हिवाळ्यात.

"आणि आमचं?" बायकोने विचारलं. तिला बोलायला मिळालेले तेवढेच दोन शब्द.

"ते पुढच्या सभेत. तोवर अभ्यास चालू राहील."

घरी जाताना वळणावर ती म्हणाली, "नियम पास करून देणार होतात."

"झाला ना पास."

"हो. त्यांचा." आणि चार पावलं गेल्यावर, "टॉवेलही त्यांच्याकडेच राहिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेडमध्ये होती. आजही आहे.

तर अध्यक्षसाहेब, एसी मी बंद केला. काढायचं तर मला कामावरून काढा. पण मला एक उत्तर द्या. त्या दिवशी सभागृहात गरम होत होतं की नव्हतं? मागेपुढे नको, अभ्यास नको. हो की नाही? उत्तर लेखी नको, शेडमध्ये येऊन द्या. दुपारी या, कोट घालून या.

आणि येताना तो टॉवेल आणा. तिला लागतो.