मुक्कामाला आलेली सूचना

बसथांबा बदलल्याची सूचना मंगळवारी सकाळी नगरपरिषदेच्या फलकावरून खाली उतरली आणि हर्षदा वाकचौरेच्या मागोमाग तिच्या घरी राहायला गेली. यात नियमाबाहेरचं काही नव्हतं. फलकासमोर उभं राहून, नाहीतर कुठलाही सरकारी कागद हातात घेऊन, जो कोणी "मला कळलं नाही" असं मोठ्याने म्हणेल, त्याच्या घरी सूचनेने जायचं आणि त्याला कळेपर्यंत तिथेच राहायचं, अशी चिंचोडी नगरपरिषदेची पद्धत होती. गेल्या बारा वर्षांत असं कोणी म्हणालंच नव्हतं, एवढंच. लोक फलकासमोर येत, हात मागे बांधून वाचत, "हं" म्हणत आणि निघून जात.

हर्षदा सत्तावीस वर्षांची होती. जन्मापासून तिची समज सावकाश चालायची. अक्षरं तिला सगळी येत, पण लांबलचक वाक्य असलं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातची निसटायची. मान डोलावून वेळ मारून नेणं तिला कधी जमलं नाही. ही कला आपल्याकडे बहुतेकांना शाळेतच येते, हिला मात्र आली नाही.

बसचं मात्र तिला पक्कं येत होतं. आईने, म्हणजे लताबाईंनी, सहा महिने रोज बरोबर जाऊन शिकवलं होतं. शाळेच्या फाटकापाशी उभं राहायचं, नऊची निळी बस घ्यायची, पेट्रोल पंप गेला की उतरायचं. तिथल्या कार्यशाळेत ती कागदी पिशव्या चिकटवायची. एकटी जायची, एकटी यायची, आणि हे ती गल्लीत दर दोन दिवसांनी कुणाला तरी सांगायची. सोमवारी निळी बस आलीच नाही. मंगळवारीही नाही. कार्यशाळेचा नियम असा होता की लागोपाठ चार दिवस गैरहजर राहिलं तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. कार्यशाळा चालवणाऱ्या शिंत्रे मॅडम वाईट नव्हत्या, पण यादी फार लांब होती.

लताबाई पहाटे वसतिगृहात स्वयंपाकाला जात, त्या दुपारी परतल्या तेव्हा सूचना खुर्चीवर ताठ बसलेली होती.

"कोण गं ही?"

"बसची सूचना. मला नाही कळली, म्हणून आली."

लताबाईंनी आधी पाणी विचारलं. सूचनेला ओल चालत नव्हती. मग त्यांनी पदराला हात पुसून ती वाचली. 'तमाम नागरिकांना याद्वारे सूचित करण्यात येते की, मार्ग क्रमांक चारवरील विद्यमान थांबा प्रशासकीय कारणास्तव स्थगित करण्यात येऊन पुढील आदेशापर्यंत जलकुंभ परिसरातील नियोजित ठिकाणी स्थलांतरित करण्यात येत असल्याची संबंधितांनी नोंद घ्यावी.' त्यांनी ती दोनदा वाचली आणि "हं" म्हणाल्या.

"आई, तुला कळली?"

"कळली म्हणजे… उद्या हापिसात जाऊन विचारू."

बुधवारी लताबाईंनी सुट्टी टाकली आणि तिघी चालत नगरपरिषदेत गेल्या. मुख्य लिपिक बोऱ्हाडे साहेब सूचनेला बघून अर्धवट उठले. तिच्यावर त्यांचीच सही होती.

"फलक मोकळा का दिसतोय, तेच म्हणत होतो," ते म्हणाले. "बरं, नेमका कुठला भाग कळला नाही?"

"सगळा," हर्षदा म्हणाली.

"सगळा असा रकाना नाही आमच्याकडे."

तरी माणूस कामाचा होता. त्यांनी कपाट उघडून स्पष्टीकरणात्मक परिपत्रक काढलं. ते सूचनेच्या दुप्पट होतं. हर्षदाने बोट ठेवून पानभर वाचलं आणि मान हलवली. "काका, हेपण नाही कळलं." परिपत्रक तत्काळ टेबलावरून उतरून तिच्या शेजारी उभं राहिलं. साहेबांनी घाईघाईने परिपत्रकाचं शुद्धिपत्रक दिलं. तेही उतरलं.

"ताई, आता थांबा," ते लताबाईंना म्हणाले. "अजून दिलं तर कार्यालय रिकामं व्हायचं."

"अहो, पण बस कुठं थांबते तेवढंच सांगा ना साहेब. उद्या चौथा दिवस आहे. पोरीची जागा जाईल हो."

बोऱ्हाडे साहेबांनी सूचनेकडे पाहिलं, मग परिपत्रकाकडे. "मजकुरात नमूद आहे," ते हळू आवाजात म्हणाले आणि फायलीत डोकं घातलं. तिघी आल्या होत्या, पाच जणं घरी गेली.

घर दीड खोलीचं. परिपत्रकाला पलंगावर जागा दिली, शुद्धिपत्रक दाराशी उभंच राहिलं. लताबाई ओट्याशी भाकऱ्या थापत होत्या आणि डोळ्यांना धार लागली होती. मुलगी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहिली होती आणि एका कागदापायी ते सगळं जाणार होतं. त्यांना फार राग आला होता आणि घरी आलेल्या पाहुण्यावर तो काढताही येत नव्हता.

हर्षदा सूचनेसमोर मांडी घालून बसली.

"बस कुठं थांबते?"

"तमाम नागरिकांना याद्वारे सूचित करण्यात येते की—" सूचनेने सुरुवात केली.

"एकदम नको. एक बोट, एक गोष्ट." तिने अंगठा वर केला. आईने तिला बस अशीच शिकवली होती. "हे पहिलं. कुठं?"

सूचनेला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. बराच वेळ तिने अंगावरचा मजकूर वरखाली पाहिला. मग तिने 'तमाम' हा शब्द काढून जमिनीवर ठेवला. पाठोपाठ 'याद्वारे' ठेवला. 'प्रशासकीय कारणास्तव' काढताना तिला जड गेलं, तेव्हा हर्षदाने दुसऱ्या टोकाला धरून मदत केली.

"जलकुंभ म्हणजे?"

"पाण्याची टाकी," सूचना म्हणाली, आणि स्वतःच चपापली.

"मग टाकी म्हण की!"

दिवेलागणीपर्यंत लताबाईंनी दोन सुपल्या शब्द भरून बाहेर टाकले. सूचना तळहाताएवढी झाली होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'बस शाळेपाशी थांबत नाही. बस पाण्याच्या टाकीपाशी थांबते. वेळ तीच, नऊ वाजता.'

"कळलं," हर्षदा म्हणाली. ओट्याशी उभ्या लताबाईही म्हणाल्या, "आत्ता कळलं गं बाई!"

नियमाप्रमाणे सूचना उठली आणि फलकावर परत गेली. आता परिपत्रकाला स्पष्ट करायला काही उरलं नव्हतं आणि शुद्धिपत्रकाला दुरुस्त करायला. ती दोघंही निमूट तिच्यामागे गेली.

गुरुवारी सकाळी हर्षदा शाळेवरून टाकीकडे निघाली, तर फाटकापाशी नेहमीची मंडळी उभी. बँकेतल्या देशमाने बाई, एक वकीलसाहेब, कॉलेजच्या दोन मुली, आणि कडेला बोऱ्हाडे साहेब. सगळ्यांनी सूचना सोमवारीच वाचली होती, त्यामुळे पुन्हा वाचायचा प्रश्न नव्हता. तीन दिवस ते नऊपासून तिष्ठत, मग आज रिक्षानेच जायचं होतं असं एकमेकांना सांगून रिक्षा करत. निळी बस तीन दिवस टाकीपाशी थांबून रिकामी जात होती.

"बस टाकीपाशी थांबते," हर्षदा म्हणाली. "इथं नाही."

"माहीत आहे मला," वकीलसाहेब म्हणाले आणि सर्वांच्या पुढे टाकीकडे चालू लागले.

नऊला बस आली आणि थांबली. बोऱ्हाडे साहेब हर्षदाच्या शेजारी बसले. पूल आल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघून पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. मंत्रालयातून आलेला, त्यांच्याच बदलीचा आदेश होता.

"तीन महिने झाले," ते म्हणाले. "आमचं कुटुंब रोज विचारतं, कुठं जायचंय, कधी जायचंय. मी म्हणतो, सांगतो." त्यांनी एकदा खिडकीबाहेर बघितलं आणि मग साऱ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "मला हे कळलं नाही."

आदेश घडी मोडून त्यांच्या मांडीवर उभा राहिला. मग मागच्या बाकावर कॉलेजच्या एका मुलीने दप्तराची चेन उघडून एक कागद बाहेर काढला. देशमाने बाईंनी पर्स उघडली. वकीलसाहेबांनी बॅगेला हात लावला, काढला, पुन्हा लावला.

पेट्रोल पंप गेला. हर्षदा उठली.

"काका, मला आता कामाला जायचंय," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी या. पण सगळी एकदम नका येऊ."

ती उतरली. साडेनऊची घंटा झाली तेव्हा ती आपल्या जागेवर बसली होती आणि तिची पहिली पिशवी खळ लावून वाळत पडली होती.