सदतीस नंबरची वही

रुग्णालयाच्या आहार विभागात एक टेबल, तीन खुर्च्या, एक वजनकाटा आणि काकडीबाई एवढ्याच गोष्टी होत्या. यांपैकी टेबल, खुर्च्या आणि काटा बोलत नसत. ती कसर काकडीबाई भरून काढत. हे नाव पेशंटांनी ठेवलेलं होतं आणि अर्थातच पाठीमागे चालायचं. समोर आल्या की सगळे त्यांना 'ताई' म्हणत आणि तोंडात असेल ते घाईघाईने गिळून टाकत.

ताईंची एक पद्धत होती. नवा पेशंट आला की त्याच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची वही पडायची. वहीवर नाव नाही, नुसता नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते फक्त ताईंच्या कपाटातल्या कागदाला ठाऊक. "जे खाल ते लिहा आणि खरं लिहा," त्या बजावायच्या. "नाव नाही, गाव नाही, मग लाजायचं कशाला?"

तीन महिन्यांत छत्तीस वह्या भरल्या. छत्तीसही वह्यांत काकडी, कोबी आणि उकडलेली भाजी याखेरीज दुसरं काही औषधालाही सापडत नव्हतं. आणि छत्तीस जणांचं मिळून वजन साडेचार किलोने वाढलं होतं.

"ताई, एक तर काटा खोटा आहे, नाहीतर तुमचं शास्त्र," अधीक्षक म्हणाले. ते बारीक अंगाचे आणि त्याहून बारीक बोलणारे गृहस्थ होते. "काटा मी कालच तपासून घेतलाय."

"साहेब, थोडा वेळ द्या. लोकांच्या सवयी एका दिवसात नाही बदलत."

"वेळ आहे हो माझ्याकडे. जागा नाहीये. धुतलेल्या चादरी ठेवायला खोली कमी पडतेय. असं करा, शुक्रवारी सगळ्या पेशंटांना बोलवा. तुम्ही या कामात कशा आलात, तुमचं म्हणणं काय, ते सांगा आणि एखादी वही वाचून दाखवा. मला पटलं तर खोली तुमची, नाही पटलं तर चादरींची."

ताईंचा जीव त्या खोलीत गुंतला होता. बारा वर्षांपूर्वी भिंतींना रंगसुद्धा त्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतला होता. गुरुवारी संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घरी आणून त्या भाषण लिहायला बसल्या. पण तीन ओळी लिहायच्या, दोन खोडायच्या, असं चाललेलं. वह्या चाळायला फुरसत कुठली? तेवढ्यात त्यांचं लक्ष आईकडे गेलं. आई म्हणजे शाळेत बत्तीस वर्षं वह्या तपासून निवृत्त झालेल्या बाई. लाल पेनाशिवाय त्यांना वर्तमानपत्रही वाचता येत नसे.

"आई, टेबलावरच्या या निळ्या वह्या जरा बघतेस का? त्यातली सगळ्यात चांगली असेल ती वर ठेव. उद्या साहेबांसमोर तीच वाचायची आहे."

"चांगली म्हणजे कशी?"

"आता मी तुला सांगू? जन्मभर हेच तर केलंस."

आईने चष्मा पुसला, पदर खोचला आणि गठ्ठा पुढ्यात ओढला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. निळी वही आणखी एक होती, सदतीस नंबरची, आणि ती खुद्द ताईंची होती. लोकांना सांगायचं ते आधी आपण करावं, म्हणून त्याही रोज लिहीत. वही खरी लिहायची, हे त्यांचं तत्त्व होतं. ती कुणाच्या दृष्टीस पडू द्यायची नाही, हे दुसरं तत्त्व होतं. एरवी ती घरच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायची. त्या संध्याकाळी भाषणाच्या धांदलीत ती टेबलावरच राहिली.

शुक्रवारी अकराला सभागृह भरलं. पहिल्या रांगेत अधीक्षक, त्यांच्या शेजारी आई, आणि मागे पस्तीस-छत्तीस पेशंट पोट आत घेऊन बसलेले.

"लोक मला विचारतात, तुम्हाला हे जमतं कसं?" ताईंनी सुरुवात केली. "त्याचं मूळ माझ्या लहानपणात आहे. आमच्या घरी साखरेचा डबाच नव्हता."

आईला ठसका लागला.

"भूक लागली की आई हातावर गाजर ठेवायची. आणि आम्ही ते आवडीने खायचो."

ठसका वाढला. मोठ्या सिस्टरनी पाणी आणून दिलं.

"माझं म्हणणं एवढंच, की माणसाचं खाण्याशी सरळ नातं असावं. लपवाछपवी आली की तब्येत बिघडलीच म्हणून समजा. आता आपल्यातल्याच एकांची वही सिस्टर वाचून दाखवतील."

मोठ्या सिस्टरचा आवाज शेजारच्या वॉर्डातला गाढ झोपलेला पेशंटही उठून बसेल असा होता. त्यांनी वरची वही उचलली.

"सोमवार. सकाळी सात. कोमट पाणी. सात वाजून पाच मिनिटं. एक बिस्कीट. ते मोडकं होतं म्हणून धरलेलं नाही."

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली.

"सात दहा. उरलेला पुडा. उघडा राहिला असता तर मऊ पडला असता." सिस्टरनी पान उलटलं. "रात्रीचं जेवण. फक्त सूप. त्यानंतर बाथरूममध्ये एक चॉकलेट. कागदाचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला होता."

सभागृहात आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळे पोट धरून हसू लागले. आत घेतलेली पोटं एव्हाना बाहेर आली होती.

"सिस्टर, पुरे," ताई पुढे होत म्हणाल्या. पुढे मंगळवार होता, आणि मंगळवारी काय लिहिलंय हे जगात एकट्या आपल्यालाच माहीत आहे, असं त्यांना वाटत होतं. "ही वही चुकून आली असावी. आपण दुसरी घेऊ."

"का बरं?" अधीक्षक प्रथमच खुर्चीत पुढे सरकून बसले होते. "तीन महिन्यांत मला पटलेली ही पहिली वही आहे. वाचा सिस्टर."

"साहेब, पेशंटची खाजगी बाब आहे."

"नाव कुठे आहे त्यावर? तुमचीच पद्धत ना?"

"अहो, पण त्या माणसाला काय वाटेल?"

"वाटू द्या की," मागून पेशंटांतले शिंपीकाका म्हणाले. "आम्हाला तर भेटायचंय त्याला. आपला माणूस दिसतोय."

"मंगळवार," सिस्टर गरजल्या. "दुपारी चार. शिंपी..."

ताईंनी झडप घालून वही हिसकावली. वही बंद करून सरळ घरी जावं, असं त्यांना फार वाटलं. चादरी येऊ देत, खोली जाऊ दे. पण समोर आई बसली होती. गृहपाठ केलाय म्हणून खोटं सांगणाऱ्या मुलीकडे बघावं, तशी बघत होती. ताई स्वतःच वाचायला लागल्या.

"दुपारी चार. शिंपीकाकांकडे डब्यात केकचा तुकडा सापडला. त्यांना साखरेचे दुष्परिणाम समजावून तो जप्त केला. सव्वाचार. दाराला आतून कडी लावून तो खाल्ला."

ताईंचे कान लाल झाले होते.

"ही वही माझी आहे," त्या म्हणाल्या. "आणि साखरेचा डबा घरी होता."

"वरच्या फळीवर," आईने भर घातली. "ही स्टुलावर चढायची, म्हणून माळ्यावर टाकला. तर ही शिडीवर चढायला शिकली."

शिंपीकाका सावकाश उभे राहिले. ताईंना वाटलं, आता हा माणूस चारचौघांत आपली शोभा करणार.

"केक बरा होता का?" त्यांनी विचारलं.

"छान होता. वरचं क्रीम जरा जास्त होतं."

"हां, माझ्याही तुकड्यावर जास्तच होतं." काका टेबलाशी आले आणि गठ्ठ्यातून आपली वही शोधू लागले. "तुकडे दोन होते ताई. तुम्हाला एकच सापडला. दुसरा मी जिन्यात खाल्ला आणि वहीत कोबी लिहिला. जरा द्या इकडे, दुरुस्त करतो."

मग काय विचारता. आधी एक बाई उठल्या, मग चौघे, मग अख्खं सभागृह टेबलाभोवती गोळा झालं. कुणी पेन मागत होतं, कुणी मांडीवरच वही उघडून कोबी खोडत होतं. एका आजोबांना तर जागा कमी पडली म्हणून पुरवणी जोडावी लागली.

"म्हणजे काटा खरा होता," अधीक्षक म्हणाले, "आणि शास्त्रही." दारापर्यंत जाऊन ते परत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "चादरींचं मी बघतो कुठेतरी. एखादी कोरी वही उरलीय का हो?"

घरी परतताना ताई आधी हसल्या, मग त्यांना रडू आलं, मग पुन्हा हसू आलं. खोली वाचली होती, पण मनातला प्रश्न काही सुटत नव्हता.

"आई, एवढ्या वह्या तपासल्यास. एकाही ओळीला माझं अक्षर ओळखलं नाहीस?"

"तुझं अक्षर मी पहिलीपासून ओळखते."

"मग वर का ठेवलीस ती?"

"तूच म्हणालीस ना, सगळ्यात चांगली वर ठेव म्हणून? छत्तीस वह्यांत नुसती कॉपी होती. एवढी एकच वही खरी निघाली."

ताईंनी पिशवीतून सदतीस नंबरची वही काढली. शेवटच्या पानावर लाल पेनाने लिहिलं होतं : 'दहापैकी नऊ. बिस्किटांचा पुडा विचारून खावा.'