पाहुण्यांसाठी बिनदारूचा मोजिटो

चहा-पोह्यांवर लग्नं जमायचे दिवस गेले, असं कुमारचं ठाम मत होतं. पाहुण्यांना असं काहीतरी द्यावं की गावी गेल्यावरही त्यांनी नाव काढावं. रविवारी सांगोल्याकडचे पाहुणे मुलाचं घर बघायला येणार म्हटल्यावर त्यानं आईला सांगून टाकलं, "चहाच्या मागनं मी मोजिटो देणार."

"ते काय असतंय?" फुलाबाईंनी विचारलं.

"हाटेलात दारू घालून करत्यात. मी बिनदारूचा करणार. पुदिना, लिंबू, साखर, सोडा. फोनवर सगळं बघून ठेवलंय."

"दारूचं नाव तरी कशाला काढतोस बाबा? अंबुबाई काय म्हणल्या, ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात कसं नसेल! मुलगी बघायला गेले तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे अंबुबाईंनी, चारचौघांत विचारलं होतं, मुलगा घेतो का. आणि दर शनिवारी चिंचोळी एमआयडीसीतली पाळी सुटली की मित्रांबरोबर प्यायला बसणारा कुमार छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "मला वास बी सहन होत न्हाय." खोटंच होतं. पण निघताना त्या मुलीनं, राजनंदिनीनं, एकदा वळून बघितलं, आणि त्या बघण्यावर त्याचे अडीच महिने कोरडे गेले. त्याला ती मुलगी मनापासून हवी होती.

रविवारी सकाळी तो सोडा आणायला श्रीमंतच्या पानटपरीवर गेला. श्रीमंतनं त्याला बघितलं, न विचारता दोन सोडे काढले, शेजारी प्लास्टिकचे ग्लास ठेवले आणि खाऱ्या शेंगदाण्याची पुडी वर ठेवली.

"लई दिसांनी. आजारी हुतास व्हय?"

"नुसता सोडा दे. घरी पाव्हणं हायती."

"मग पुडी आनी एक घे की," श्रीमंत म्हणाला.

घरी येऊन त्यानं पुदिना खलबत्त्यात ठेचला. त्याच खलबत्त्यात आईनं सकाळी शेंगाचटणी कुटली होती. पहिला घोट घेतल्यावर नाकातून लसूण बाहेर आला. मग सगळं ओतून, खलबत्ता तीनदा घासून, दुसऱ्यांदा सुरुवात.

पाहुणे दोघंच आले, अंबुबाई आणि त्यांचे यजमान बिरुदेव. बिरुदेव तांबडा फेटा बांधलेले, फारसं न बोलणारे. अंबुबाईंनी घर बघितलं, नळाला पाणी कधी येतं ते विचारलं. चहा झाला. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी उभ्या जल्मात तोंडाला लावली न्हाय. म्हणून जावई बी तसाच बघतोय आमी." बिरुदेव पंख्याकडे बघत होते.

मामला आपलाच आहे, असं वाटून कुमारनं चार ग्लास आणले. बर्फ, लिंबाची चकती, वर पुदिन्याचं पान.

"मामा, घ्या. बिनदारूचा हाय," तो अंबुबाईंना ऐकू जाईल असं म्हणाला.

मग त्यानं स्वतःचा ग्लास उचलला. पुढचं डोक्यानं केलं नाही, हातानं केलं. करंगळीशेजारचं बोट ग्लासात बुडालं आणि फरशीवर थेंब उडवून आलं. एकदा, दोनदा, तीनदा. बसणारी माणसं पहिला घोट घेण्याआधी धरणीमातेला देतात तसे. सरबताला असं कुणी करत नाही.

कुमारनं बोट पटकन विजारीला पुसलं. त्यानं हळूच वर बघितलं. अंबुबाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. बिरुदेवांचं बोट अजून हवेत होतं, आणि ओलं होतं.

"हे काय?" अंबुबाई म्हणाल्या.

"माशी हुती," बिरुदेव म्हणाले.

"दोगांच्या बी गलासात?" अंबुबाईंनी दोघांपुढच्या फरशीवरचे थेंब दाखवले.

कुमारनं जीव एकवटला. "मामी, आमच्यात कायबी प्यायच्या आदी देवाला देत्यात."

"मग मगाशी च्या देवाला का दिला न्हाय?"

 कुमारनं ग्लास खाली ठेवला. "खोटं बोललो मामी. घेत हुतो, दर शनवारी. तुमची राजनंदिनी बघितली आनी सोडली. अडीच म्हैनं झालं. आता नको म्हणालात तरी परत घेणार न्हाय."

फुलाबाईंनी पदर डोळ्याला लावला. अंबुबाईंनी आपला ग्लास बाजूला सारला.

"ह्यो निदान सोताच्या तोंडानं सांगतोय," त्या शेवटी म्हणाल्या. "तीस वर्सं संसार केला मी, मला कुणी सांगितलं न्हाय. फुलाबाई, चला आत, तारखेचं बोलू. ह्यांच्याशी मी घरी गेल्यावर बोलते."

दोघी आत गेल्या. कुमारला उठून नाचावंसं वाटत होतं, पण समोर सासरे बसले होते. बिरुदेवांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि पुढे झुकून हळू आवाजात विचारलं,

"पाव्हणं, ह्यात खरंच काय न्हाय?"

"न्हाय मामा."

"जरासुदिक?"

"नुसता सोडा हाय."

बिरुदेवांनी ग्लास खाली ठेवला आणि फेटा सारखा केला.

"म्हंजे फुकाट घावलो की."