भोयर काकांचं डोलणारं मत

आमचे शेजारी भोयर काका निवडणूक आली की खोटं बोलतात. एरवी दूधवाल्याला पाण्यावरून तोंडावर सुनावणारा माणूस, पण दारात उमेदवार उभा राहिला की छातीवर हात ठेवून म्हणणार, "भैया, मन अभी डोल रहा है." तो गेला की मला डोळा मारून, "काहून सांगू याला? एकदा सांगितलं का खेल खतम. पुन्हा येते का मंग तो?"

जबलपूरच्या विजय नगरात आमच्या गल्लीत मराठी घरं मोजकीच. पण ही सगळी घरं भोयर काका सांगतील तेच बटण दाबतात, असा प्रत्येक पक्षाचा ठाम समज. खरं तर काकी होत्या तेव्हा त्यासुद्धा त्यांचं ऐकत नसत. काकांनी मात्र हा समज जपून ठेवला. रिछाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला एरवी विचारतो कोण?

यंदा आमच्या वॉर्डात पार्षदपदाला, म्हणजे नगरसेवकपदाला, दोनच उमेदवार होते. मुन्ना भैया आले की काका राजू भैयांचे गोडवे गात, आणि राजू भैया आले की मुन्ना भैयांचे. त्यामुळे दोघंही घायकुतीला आले. रोज चहा, चिवडा, "काका, हमारा ध्यान रखना" आणि पाया पडणं. काका अगदी नवरदेवासारखे इस्त्रीचा सदरा घालून बसायचे.

एकदा काका जरा जास्तच रंगले. राजू भैयांना म्हणाले, "अब क्या बताऊँ, सारे मराठी घर उधर ही जा रहे हैं."

राजू भैया आधीच दोन पक्षांचं पाणी प्यायलेला गडी. वारं कुठे वाहतंय ते कळल्यावर तो कशाला थांबतोय? त्यानं अर्ज मागे घेतला आणि हार घालून मुन्नाच्याच पक्षात गेला. मुन्ना भैया बिनविरोध! चौकात ढोल वाजले, जिलेबी वाटली. काल एकमेकांना चोर म्हणणारे आज गळ्यात गळे घालून फोटो काढत होते. मला शिसारी आली. गल्लीतली नाली तुंबलेली ती तुंबलेलीच, आणि आता हात जोडायलाही कोणी येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेलो. दार सताड उघडं, टेबलावर कप मांडलेले, चिवड्याचा डबा बाहेर काढलेला.

"कोणी येणार आहे का?" मी विचारलं.

"नाही न. माह्याच्यानंच झालं हे. गंमत करून राहिलो होतो, त्यानं खरंच मानलं."

मी हसायला गेलो, पण हसू आलं नाही. काकी गेल्या, मुलगा हैदराबादेत. तो फोन करतो, नाही असं नाही, पण समोर बसून "काका, कसे आहात?" विचारणारे या वर्षभरात फक्त हे मतं मागणारेच होते. माझं घर भिंतीला भिंत लागून. मीसुद्धा कामाशिवाय कधी टेकलो नव्हतो.

काकांनी एक कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "पुढच्या बारी तू खडा हो न."

"मी? मला कोण मत देणार, काका?"

"मी तं बिल्कुल नाही देणार," ते म्हणाले. "मंग तुले रोज यावं लागन."