अनंतकाका आणि विनाथांबा

मला रत्नागिरीत अनंतकाका मयेकरांनी ठेवून घेतलं. त्यांचं नाव आधीच लिहून टाकतो. पुढे कबड्डीचं, लिलावाचं, माझ्या पळण्याचं बरंच काही येणार आहे, आणि त्या गडबडीत वाचणाऱ्याला वाटायचं की हे सगळं याच पोराने केलं. मी काही केलं नाही. मी नुसता पळालो. बाकीचं काकांनी केलं.

अनंतकाकांचा मंडपाचा आणि लाउडस्पीकरचा धंदा. खुर्च्या, बांबू, कनाती, दोन कर्णे आणि एक माईक. हा माईक त्यांनी आजवर पूर्णपणे कुणाच्या हाती दिलेला नाही. भाषणाला कितीही मोठा माणूस येऊ दे, काका स्टँडला धरून शेजारी उभे. इतकी वर्षं माईकवर बोलून त्यांची साधी बोलीच उरलेली नाही. समोर एकच माणूस असला, तोही हातभर अंतरावर, तरी काका सबंध आळीला उद्देशून बोलतात.

"उपस्थितांना कळवण्यात येतं की चहा गाळून झालेला आहे. नोंद घ्यावी."

उपस्थित म्हणजे मी.

आतून काकू ओरडतात, "साखर संपली ते पण कळवा!"

काका तितक्याच गंभीरपणे, "नुकत्याच हाती आलेल्या माहितीनुसार साखर संपलेली आहे."

एकदा सकाळी ते घरभर फिरत होते. "काळ्या काड्यांचा चष्मा कुणाला सापडल्यास स्टेजजवळ आणून द्यावा." काकू म्हणाल्या, "मालकाने ओळख पटवावी आणि स्वतःच्या कपाळावरून घेऊन जावा." गुडघा दुखतो म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो, तर तिथेही, "डाव्या गुडघ्याची तक्रार आहे. संबंधितांनी लक्ष घालावं." डॉक्टर हसले नाहीत. त्यांच्या लग्नात माईक काकांचाच होता, त्यांना सवय होती.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली. रस्त्याच्या कामावर एका टोळीबरोबर इकडे आलो, मला ताप आला, आणि मी बरा होईपर्यंत टोळी पुढच्या कामावर निघून गेली. तेव्हा काकांनी खुर्च्या वाहायला घेतलं. घरी फोनवर आईला सांगितलं, काम लागलं. तिने विचारलं, कसलं? म्हटलं, लग्नाचं. ती दोन दिवस घाबरून होती.

पहिल्याच महिन्यात भाट्याच्या किनाऱ्यावर आमचा मंडप होता. वाऱ्याने एक कनात सुटली आणि वाळूवरून थेट समुद्राकडे निघाली. कनात गेली तर आपलं कामही गेलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी सुटलो. लाट यायच्या आत तिच्यावर झडप घातली आणि वाळूत लोळलो. मागून कर्ण्यातून आवाज, "हा कोण पळतोय? मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी नोंद घ्यावी!"

मंडळ म्हणजे काकांच्या वाडीचं कबड्डी मंडळ. इकडे कबड्डी म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. मुंबईला नोकरीला असलेली माणसं सणाला एक वेळ येणार नाहीत, पण सामन्यांना येतात. तालुक्यात आता लीग सुरू झाली आहे. तिच्यात खेळाडूंचा लिलाव होतो, प्रत्येक संघाला ठरावीक गुण मिळतात, त्यातून बोली लावायची. लिलाव पुकारायचं काम अर्थातच काकांकडे. त्यांनी मला न विचारता माझं नाव घातलं होतं.

माझं नाव पुकारलं गेलं, आणि सगळा मांडव चहा प्यायला लागला.

"गोरख! हिंगोली एक्स्प्रेस! वाऱ्याला मागे टाकणारा! एक वार…"

कोणी बोलेना.

"दोन वार…"

तीन वार म्हटलं की मी न विकलेला. काकांनी तीन म्हटलंच नाही. पाणी प्यायले. माईक ठोकून पाहिला. "पांढऱ्या रंगाची स्कूटर कुणाची असल्यास बाजूला घ्यावी" असं सांगितलं. मग पुन्हा "दोन वार" म्हणाले, आणि त्याच माईकवरून, त्याच आवाजात, वाडीच्या मंडळाची बोली स्वतःच लावली.

दुसऱ्या संघाचा एकजण उठला, "ओ काका, पुकारणाराच बोली लावतो काय?"

"कुठल्या नियमात नाही म्हटलंय? दाखव. तीन वार! नोंद घ्यावी!"

आमचा कप्तान सुहास. डावा कोपरा तोच सांभाळायचा. चांगला खेळाडू, पण माझ्याकडे तो भाजी घेताना वांगं बघावं तसं बघायचा. "काका, ह्याला धावण्यापलीकडे काय येतं?"

ते खरंच होतं. कबड्डीत ओळीने दोन चढाया फुकट गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. त्या तिसऱ्या चढाईला सुहास मला आत घालायचा. मी जायचो, कुणाला तरी बोट लावायचो आणि मागे वळून न बघता मधली रेषा गाठायचो. गुण मिळाला की लगेच बाहेर, बाकावर. पोरांनी नाव ठेवलं, विनाथांबा. जातो, येतो, कुठे थांबत नाही.

मला ते नाव आवडायचंसुद्धा. पण मोसम संपत आला तेव्हा मंडळात ठरलं की जे मूळ सातात बसत नाहीत त्यांना सोडायचं, पुढच्या लिलावात नवे घ्यायचे. मला सोडलं तर दुसरं कोण घेणार होतं? बोली कुणी लावली होती ते मी कानाने ऐकलं होतं. आणि खरं सांगतो, त्या सात जणांत उभं राहून "आमचा" म्हणवून घ्यायची मला फार हाव लागली होती. इतक्या लांब आल्यावर माणसाला कुणाचा तरी व्हावंसं वाटतं.

काका सुहासला म्हणाले, "भाट्याला हा पळाला ते सगळ्यांनी बघितलं. कनात पकडली ती कुणी बघितली नाही. ह्याला पकडीला उभा कर."

"काका, कनातीला पाय नसतात."

"वारा असतो!"

पकड म्हणजे समोरून चढाई करणारा अंगावर येत असताना जागेवर राहायचं, शेजाऱ्याचा हात धरायचा आणि योग्य वेळी त्याचा घोटा पकडायचा. माझे पाय ऐकायचे नाहीत. कोणी अंगावर आला की ते आपोआप मागे सरायचे. काकांनी यावर आपला इलाज काढला. मंडप उभारताना एकजण खाली बांबू धरतो आणि दुसरा वर चढून दोरी बांधतो. काका मला खाली उभं करायचे आणि दुखरा गुडघा घेऊन स्वतः वर चढायचे.

"मी वर आहे. तू हललास तर मी खाली. नोंद घ्यावी."

काकू अंगणातून, "उतरा आधी! ह्या वयात माकडचाळे! आणि तू रे मेल्या, धर नीट, माझा एकुलता एक नवरा आहे तो!"

वर गेले की काका मुद्दाम बांबू हलवायचे. माझा घाम थेट डोळ्यांत जायचा. पण हळूहळू पाय जमिनीला चिकटले. काका पडले तर, या भीतीपुढे चढाईवाल्याची भीती फारच लहान निघाली.

काकांची एक अडचण मात्र सगळ्या वाडीला होती. सामन्याचं निवेदनही तेच करायचे आणि आपल्या पोरांना सूचनाही त्याच माईकवरून द्यायचे. "उजवा कोपरा, आत ये! तो बोनस घ्यायला चाललाय!" हे आमच्या पोरांना ऐकू यायचं, तसं चढाईवाल्यालाही यायचं. तो लगेच दिशा बदलायचा.

सुहास हात जोडायचा, "काका, ते पण ऐकतात हो!"

"ऐकू दे. बहिरे आहेत काय ते?"

अंतिम सामना पावसकडच्या संघाशी पडला. भर दुपारच्या उन्हात सुरू झाला. उत्तरार्धात सुहासचा पाय मुरगळला. त्याच्या जागी उभा राहील असा कोपऱ्याचा दुसरा खेळाडू होता, पण त्याची रजा संपली म्हणून तो आदल्या दिवशीच मुंबईला गेला होता. सुहासने बाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं.

"जा," तो म्हणाला. "फक्त पळू नको."

शेवटची चढाई त्यांची. आम्ही एका गुणाने पुढे, आमचे चारच जण आत. डाव्या कोपऱ्यात मी. त्यांचा गडी चांगला उंच. सबंध सामना तो काकांच्या सूचना ऐकूनच खेळला होता. कर्ण्याकडे अर्धा कान ठेवायची त्याला सवय झाली होती.

तो आत आला. माझ्याकडे सरकला. आता काका ओरडणार, "डावा कोपरा, घोटा धर!" आणि हा मागे उडी घेणार, हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

कर्णा गप्प.

तो किंचित थांबला. खरंच थांबला, सूचना यायची वाट बघत, एक पाय माझ्यासमोर तसाच ठेवून. मी शेजाऱ्याचा हात सोडला, तो पाय दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटून घेतले. मग तिघे येऊन आमच्या दोघांवर पडले. डोळे उघडले तेव्हा तो गडी खालून मला विचारत होता, "तुमचा काका कुठे मेला?"

काका कुठे गेले नव्हते. माईकसमोरच उभे होते, तोंड उघडं. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याने काय डाव टाकला! सुहासने मला खांद्यावर घेतलं, मुरगळलेल्या पायावरच, आणि मंडळाच्या माणसांना ओरडून सांगितलं, "पुढल्या वर्षी डावा कोपरा विनाथांबाचा! मी उजवीकडे जातो!" मी रडलो. डोळ्यांत वाळू गेली म्हणालो. मैदान मातीचं होतं.

फोटो निघाले. मग सगळे सुहासच्या अंगणात कोंबडी-वडे खायला गेले. पानं मांडली तेव्हा मी बघतो तर काका नाहीत. मैदानावर परत गेलो. उन्हं कलली होती, काका एकटेच दोऱ्या सोडत होते.

"काका, माईक बंद का केलात?"

"बंद नव्हता रे. तू उभा होतास ना तिथे… आवाजच फुटला नाही."

नोंद घ्यावी म्हणाले नाहीत. मी त्यांना इतक्या हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"चला जेवायला. पानं मांडलीयेत."

"मला बोलावलंय?"

"बोलवायचं काय त्यात? तुम्ही तर…" मी म्हणालो आणि थांबलो. तुम्ही तर इथेच असता, असं म्हणणार होतो.

काकूंनी नंतर कधीतरी मला सांगितलं. आरे-वाऱ्यापासून पावसपर्यंत इतकी लग्नं ह्यांच्या कापडाखाली लागली, पण ह्यांच्या नावाची पत्रिका घरात आलेली नाही. मंडपवाला येणारच की, त्याला वेगळं काय सांगायचं? लोकांच्या मनात वाईट काही नसतं. ह्यांचं जेवण आचाऱ्यांबरोबर, उभ्याने, सगळ्यात शेवटी. "आधी पत्रिकेची वाट बघायचे," काकू म्हणाल्या. "आता बघत नाहीत. निदान मला दिसेल असे तरी नाही."

त्या दिवशी मी काकांच्या हातातली दोरी काढून घेतली आणि त्यांना सुहासच्या अंगणात आणून बसवलं. त्यांना नीट बसताच येईना. कुणाची खुर्ची डगमगली की अर्धे उठायचे. सुहासच्या आईने वडा वाढला तेव्हा ते इतके गोंधळले की त्यांनी तिला नमस्कारच केला.

माझी धाकटी बहीण हिंगोलीला आहे. तिचं लग्न ठरेल तेव्हा पहिली पत्रिका अनंत मयेकर आणि सौ. मयेकर यांची. मी ती घेऊन स्वतः येईन, हळदकुंकू लावून काकांच्या हातात देईन आणि दोघांना बरोबर घेऊन जाईन. मंडप दुसऱ्या कुणाचा, माईक दुसऱ्या कुणाच्या हातात. काकांनी फेटा बांधून पहिल्या रांगेत बसायचं आणि पहिल्या पंगतीला जेवायचं. एखादी खुर्ची डगमगली तर मी उठेन. काकांनी उठायचं नाही.