हजार मीटरच्या वरचं 'तू'

कोर्बिनियान आगर चाळीस हिवाळ्यांत स्कीवरून एकदाही पडला नव्हता. ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या ओबरलेंगाऊ गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ज्याला ठाऊक नसे त्याला तो स्वतः गाठून सांगे. तिथल्या त्याच्यासारख्या स्की-मास्तरांची रीतच अशी, की जो उतारावर पडेल त्याने वरच्या खोपटात सगळ्यांना श्नाप्स, म्हणजे तिथली कडक दारू, पाजायची. कोर्बिनियान चाळीस वर्षं दुसऱ्यांचीच पीत आला होता. येत्या शनिवारी तो निवृत्त होणार होता आणि निरोपाच्या फलकावर 'कधीही न पडलेला' अशी अक्षरं कोरूनही झाली होती.

त्याचा दुसरा अभिमान म्हणजे 'उतारावर ड्रोन उडवण्यास सक्त मनाई' ही पाटी. ती त्याने स्वतः रंगवून उताराच्या कडेला ठोकली होती. रोज सकाळी हद्दीच्या काठ्या रोवून झाल्या, की तो पाटीवरचा बर्फ हातमोज्याने पुसायचा.

बुधवारी नेमकं त्या पाटीपाशीच एक ड्रोन घोंघावत होतं. जवळच लाल टोपीतल्या एक वयस्क बाई हातातल्या यंत्राशी खटपट करत होत्या.

"ए बाई, खाली घे ते!"

"ए बाई? मी व्हिएन्नाची निवृत्त न्यायाधीश आहे. लोक मला मानाने हॉफराट बाई म्हणतात."

"डोंगराची रीत आहे, हजार मीटरच्या वर सगळेच 'तू'! पाटी वाचता येत नाही तुला?"

"चष्मा हॉटेलात राहिला."

"आणि चष्म्याशिवाय ड्रोन उडवतेस?"

बाई गांगरल्या आणि त्यांनी भलतंच बटण दाबलं. ड्रोन सुसाट निघालं, कोर्बिनियान त्याच्या मागे. मान वर, नजर आभाळात, तोंडाने "थांब, थांब!" चालूच. बर्फाचा धुरळा उडाला. आधी हद्दीची काठी आडवी झाली, मग पाटी, मग चाळीस हिवाळ्यांचा कोर्बिनियान, पाय वर करून. ड्रोन त्याच्या डोक्यावर येऊन थांबलं आणि निवांत चित्रण करत राहिलं.

दुपारी दोघं खाली गावात, लिफ्टच्या कचेरीत हजर झाले. गाव नऊशे चाळीस मीटरवर, म्हणजे तिथे सगळं अहोजाहो. कचेरीची प्रमुख नोटबुर्गा तर टेबलामागे बसली की सख्ख्या आईलाही अहोजाहो करी. तिने चित्रण तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहण्याची खरं तर काही गरज नव्हती.

"अडचण आहे, आगरसाहेब," ती हसू दाबत म्हणाली. "बटण दाबल्यावरच चित्रण सुरू झालंय. आधी धुरळा, मग तुम्ही, आणि तुमच्या डोक्यावर ड्रोन. हद्दीची काठी तुमच्या अंगाखाली."

"मग?"

"मनाई फक्त हद्दीच्या आत आहे. तुम्ही हद्दीबाहेर पडला असाल, तर ते उतारावर पडणं नव्हे. फलक जसाच्या तसा. पण मग ड्रोनही बाहेर, बाई सुटल्या. आत पडला असाल, तर दंड बाईंचा आणि श्नाप्स तुमची. काठी तुम्ही रोवली होती, तुम्हीच सांगा."

"तुम्हाला जे आठवेल ते मला मान्य आहे," हॉफराट बाई म्हणाल्या.

कोर्बिनियानने चित्रणातल्या काठीकडे पाहिलं. 'बाहेर' एवढं म्हटलं की झालं. कोण बघायला आलंय? पण डोळ्यांपुढे ती आडवी झालेली पाटी येत राहिली. त्याला स्वतःचाच राग आला.

"आत!" तो ओरडला. "चांगला हातभर आत! मी उतारावर पडलो. लिहून घ्या!"

बाहेर तिकिटाच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. इतक्या ताठ मानेने पडल्याचं सांगणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

बाईंनी दंड भरला. दाराशी मात्र त्या थांबल्या.

"जन्मभर साक्षीदार ऐकले. स्वतःविरुद्ध इतक्या तोऱ्यात बोलणारा हा पहिलाच. शनिवारी खोपटात मलाही बोलावशील, कोर्बिनियान?"

तो दचकला. "हॉफराट बाई, आपण नऊशे चाळीस मीटरवर आहोत."

"ठाऊक आहे मला."

कोर्बिनियानने टोपी काढली. कान लाल झाले होते, आणि ते काही थंडीने नव्हे.

"ये की मग," तो म्हणाला. "पण चष्मा लावून ये."