मुकादमाच्या मापाचं गार्ड

जिनदत्त पाटलाच्या जीपला रेड्यानं तिसऱ्यांदा धडक दिली तेव्हा डावा दिवा फुटला आणि जिनदत्तचा धीर सुटला. जीप तशी त्याची नव्हतीच. सांगलीत हळदीचा व्यापार करणाऱ्या सासऱ्यांनी, भूपालअण्णांनी, नवी गाडी घेतल्यावर ही जुनी जीप जावयाला वापरायला दिली होती. देताना त्यांनी बजावलं होतं, "कागद माझ्याच नावावर ऱ्हातील. वर्सानं येऊन बघीन. पत्र्याला पोचा दिसला तर जीप परत नेईन." वर्ष येत्या रविवारी भरत होतं. मधल्या काळात आष्ट्याच्या बाजारात लोक जिनदत्तला 'जीपवाले पाटील' म्हणू लागले होते, आणि हे सुख सोडायची त्याची अजिबात तयारी नव्हती.

रेडा शेजारच्या लालासाहेबाचा. नाव मुकादम. जिनदत्त जीप रोज पुसून इतकी चकचकीत ठेवायचा की मुकादमाला बोनेटात दुसरा रेडा दिसे, आणि दुसरा रेडा खपवून घेण्याइतका तो समजूतदार नव्हता. पहिल्या दोन धडका नंबराच्या पाटीवर निभावल्या. आता दिवा गेला. पुढची पाळी पत्र्याची, हे उघडच होतं.

"आवं, लालासाहेबांस्नी सांगा की रेडा बांधून ठेवा म्हणून," त्याची बायको त्रिशला म्हणाली.

"सांगितलं. ते म्हणत्यात, तुमची जीप बांधून ठेवा."

जिनदत्त तडक आष्ट्याला राजारामकडे गेला. राजाराम उसाच्या ट्रॉल्या बनवायचा. त्याच्या हातचं लोखंड वाकलं असं कुणी ऐकलं नव्हतं.

"जीपला पुढनं गार्ड पायजे. लय मजबूत."

"कुणासाठी?"

"रेड्यासाठी."

"मग भाल्यावानी टोकं काडतो. एकदा टोचलं की जन्मात फिरकणार न्हाई."

जिनदत्तच्या अंगावर काटा आला. त्याच्या घरी चुलीत लाकूड घालण्याआधी मुंग्यांसाठी झटकून घेत. "नगं, नगं! मुक्या जीवाला लागाय नगं!"

"मजबूत बी पायजे आन् लागाय बी नगं? मग माझ्याकडं कशाला आला? गादीवाल्याकडं जावा."

पण राजाराम कारागीर माणूस. अवघड काम पाहिलं की त्याला राहवत नसे. विडी विझेपर्यंत विचार करून तो म्हणाला, "शिंग पायपावर आपटलं तर मोडणार. तवा शिंगं पायपांच्या मधनं आरामात गेली पायजेत, नुसतं कपाळ टेकलं पायजे. शिंगांचं माप आणा."

"रेड्याच्या?"

"तुमच्या शिंगांचं आणून काय करू?"

दुसऱ्या दिवशी त्रिशलाची शिवणाची टेप घेऊन जिनदत्त लालासाहेबाच्या गोठ्यात शिरला. एक शिंग मोजून झालं, दुसऱ्याला टेप लावतो तोच मागून आवाज आला, "काय चाललंय, पाटील?"

"क-काय न्हाई. शिंगं लय देखणी हायती. म्हटलं, हायती तरी केवडी बघावं."

लालासाहेबाची छाती फुगली. बारा वर्षांच्या शेजारात पाटलांनी त्याच्या घरातल्या कशाचंच कौतुक केलं नव्हतं. त्यानं जिनदत्तला बळंच चहा पाजला, गावभर बातमी केली आणि त्या दिवसापासून मुकादमाच्या शिंगांना रोज तेल चोळायला सुरुवात केली.

शनिवारी फुटक्या दिव्याच्या जागी नवा दिवा आणि त्याच्यापुढे गार्ड बसलं. दोन आडवे पाईप, चार उभे, जाळीपासून फूटभर पुढे. बघायला आलेल्या लोकांनी ते हात लावून पाहिलं, ठोकून पाहिलं. त्या रात्री जिनदत्त महिन्याभरात पहिल्यांदाच गाढ झोपला.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला मुकादम पाणी पिऊन आला, जीपपुढे थांबला आणि नेहमीप्रमाणे चाल करून गेला. गार्डनं आपलं काम चोख केलं. पत्र्याला धक्का लागला नाही, रेड्यालाही इजा झाली नाही. तेल लावलेली शिंगं पाइपांच्या मधून सुळकन आत गेली, कपाळ अलगद टेकलं. फक्त ती शिंगं परत बाहेर येईनात. रेडा मागे ओढू लागला, तशी जीपही त्याच्याबरोबर हलू लागली.

जिनदत्तनं जीपचा ब्रेक दाबून धरला, लालासाहेबानं रेड्याची शेपटी. राजारामला बोलावणं गेलं. तो सायकलवरून आला आणि रेड्याकडे बघून त्याचे डोळे भरून आले. "माप बघा कसं बसलंय! एक सूत फरक न्हाई!"

"आरं, माप बघत काय बसलायस! सोडीव त्याला!" लालासाहेब ओरडला.

"करवत आणलीया. शिंग कापू का पाईप?"

"शिंगाला हात लावशील तर बघ!"

"गार्ड कापायचं न्हाई," जिनदत्त जीपमधून ओरडला. "आण्णा दहाला येत्यात! कापलेलं गार्ड बघून काय म्हणतील?"

मग तिघांनी मिळून रेडा वर उचलायचा प्रयत्न केला. रेडा उचलला गेला नाही, राजाराम मात्र शेणात बसला. त्रिशला ओट्यावरून हे सगळं बघत होती. ती आत गेली, भिजवलेल्या पेंडीची पाटी घेऊन आली आणि मुकादमाच्या तोंडाखाली जमिनीवर ठेवली. मुकादमानं वास घेतला, मान तिरकी करून खाली घातली आणि दोन्ही शिंगं आपोआप मोकळी झाली.

तेवढ्यात अण्णांची गाडी रस्त्यावर थांबली. धोतर सावरत अण्णांनी जीपभोवती फेरी मारली, पत्र्यावरून बोटं फिरवली, वाकून खालून पाहिलं. पोचा नाही, ओरखडा नाही. गार्डवर हात ठेवून त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली.

"तेल लावता व्हय गार्डला?"

"व्हय, आण्णा. रोज."

"वा! इंजन कसं हाय बघू." अण्णा स्टिअरिंगवर बसले. पुढे मुकादम पेंड खात उभा होता. "रेडा हटवतो, आण्णा," जिनदत्त म्हणाला.

"खाऊ दे मुक्या जीवाला. मी मागं घेतो. चाळीस वर्सं गाडी चालवतोय."

जीप झपकन मागे गेली आणि पाण्याच्या हौदावर धाडकन आदळली.

सगळे धावले. अण्णा त्याआधीच उतरून जीपच्या मागच्या पत्र्याला पाठ लावून उभे होते.

"आण्णा, कसला आवाज झाला?" त्रिशलानं विचारलं.

"हौदाचा."

"बरं, आत चला. चहा टाकते."

"हितंच आण. हितं हवा बरी हाय."

हवेला गोठ्याचा खमंग वास होता. अण्णांनी चहा उभ्यानं घेतला, पोहे उभ्यानं खाल्ले. जिनदत्त डावीकडे सरकला की अण्णाही डावीकडे सरकत, तो उजवीकडे गेला की उजवीकडे. तरी त्यांच्या कोपराखालून ताटलीएवढा पोचा स्पष्ट दिसत होता.

"जावईबापू," घसा खाकरून अण्णा शेवटी म्हणाले, "जीप लय चांगली ठेवलीया तुमी. कागद तुमच्या नावावर करून टाकू. उद्याच."

जिनदत्तला आनंद झाला, हसूही आलं. ते गिळून तो आत गेला आणि घरातली सगळ्यात उंच पाठीची खुर्ची घेऊन आला. ती त्यानं पोच्यापुढे बरोबर टेकवून ठेवली.

"बसा, आण्णा," तो म्हणाला. "जेवण बी हितंच वाढाय सांगतो."